फवारा बंद झाला, म्हणून लिस्टर चुकला का?

प्रश्न असा आला आहे की, ऑपरेशनच्या वेळी हवेत मारायचा कार्बोलिकचा (म्हणजे जंतू मारणाऱ्या एका आम्लाचा) फवारा जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनने स्वतःच पुढे सोडून दिला, मग जंतुनाशक शस्त्रक्रियेचं श्रेय त्याला का द्यायचं? ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलेलं असल्याने हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फवारा आला 1871 मध्ये. लिस्टरचं पायाभूत काम त्याआधीचं, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयातलं. क्लोरोफॉर्ममुळे ऑपरेशन वेदनेविना होऊ लागलं होतं, पण पेशंट नंतर वॉर्डात जखम सडून दगावत. सर्जन दोष द्यायचे दूषित हवेला, आणि रक्ताने कडक झालेला कोट घालून पुढच्या ऑपरेशनला उभे राहायचे. 1865 मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टरचं लक्ष फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरच्या संशोधनाकडे वेधलं: पदार्थ कुजतात ते सूक्ष्म जीवांमुळे. लिस्टरच्या वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोठी सुधारणा केलेली, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे जीव त्याला पटकन पटले असावेत. हे जीव जखमेत वाढण्याआधीच मारायचे, हा त्याचा विचार. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक वापरतात हे त्याच्या वाचनात आलं होतं. तेच त्याने उचललं.

12 ऑगस्ट 1865 ला 11 वर्षांचा जेम्स ग्रीनलीस दाखल झाला. रिकाम्या गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलेलं, नडगीचं हाड मोडलेलं, जवळच दीड इंची जखम. अशा उघड्या फ्रॅक्चरला तेव्हा बऱ्याचदा पायच कापत. लिस्टरने कार्बोलिकमध्ये भिजवलेलं लिंट (पट्टीचं मऊ कापड) जखमेवर बसवलं आणि पायाला फळ्या बांधल्या. चार दिवसांनी पट्टी सोडली तर पू नाही, सडका वास नाही. कातडी मात्र चुरचुरत होती, कारण तीव्र कार्बोलिक भाजतं. मग त्याने ते पातळ करून वापरलं. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळलं.

आकडे छोटे आहेत, पण बोलके आहेत. त्याच्या वॉर्डात अवयव कापलेल्या पेशंटपैकी 1864 आणि 1866 मध्ये 35 पैकी 16 दगावले. 1867 ते 1869 मध्ये 40 पैकी 6.

आता फवारा. जंतू हवेतून येतात या समजुतीने तो आला. त्या धुक्यात उभ्या राहणाऱ्यांचे हात आणि श्वास दोन्ही हैराण होत. खरा धोका हात, हत्यारं आणि कपड्यांचा आहे हे कळल्यावर त्याने तो थांबवला आणि 1890 मध्ये बर्लिनला, आपण तो सुचवला याची लाज वाटते, असं जाहीरपणे सांगितलं. जर्मन सर्जननी पुढे वाफेने निर्जंतुकीकरण आणलं, तेही जखमेत जंतू जाऊ द्यायचे नाहीत याच तत्त्वावर. हात धुण्याचा आग्रह मात्र सेमेलवाइस या डॉक्टरने व्हिएन्नात 1847 मध्येच धरला होता. ते श्रेय त्याचंच.

या तत्त्वाने सर्जनला काय करता येऊ लागलं, तेही बघा. 1877 मध्ये लंडनला लिस्टरने मोडलेली गुडघ्याची वाटी तारेने शिवली, तीही बाहेर जखम नसलेला गुडघा मुद्दाम उघडून. हा पेशंट मेला की लिस्टरवर खटला भरायला हवा, असं तेव्हा बोललं गेलं. पेशंट बरा झाला.