पोखरण रोड नंबर दोन आणि पिवळा पीतांबर

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नुकतेच डोंबिवलीहून ठाण्यात वसंत विहारला राहायला आलो. पत्ता सांगताना रोज 'पोखरण रोड नंबर दोन' म्हणावं लागतं. सासरे म्हणतात, अणुचाचणीच्या आनंदात हे नाव दिलं. पोखरण-एक, पोखरण-दोन असं जुळतंही. खरं काय? आणि रस्त्याला नुसता नंबर द्यायचा ही मराठी रीत आहे का? कुणाला नाव सुचत नव्हतं का?"

सासऱ्यांचा मान राखून सांगतो, चाचणीचा काही संबंध नाही. पहिली चाचणी झाली १८ मे १९७४ ला, पुढच्या झाल्या ११ आणि १३ मे १९९८ ला. 'पोखरण-दोन' हा शब्दप्रयोग रुळला तो १९९८ नंतर. दुसरा आल्याशिवाय पहिल्याला पहिला म्हणायची वेळच येत नाही. ठाण्यातले दोन रस्ते मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून एक आणि दोन आहेत. १९८५च्या सुमाराला माझे वडील ज्या कारखान्यात होते, त्याच्या पाकिटांवर 'पोखरण रोड नं. २' असं छापलेलं असे. ती कोरी पाकिटं घरी यायची आणि आम्ही त्यांच्या मागे गणितं सोडवायचो, म्हणून हे इतकं पक्कं लक्षात आहे.

आता मूळ शब्द. संस्कृतात पुष्कर म्हणजे कमळ आणि पुष्करिणी म्हणजे कमळांचं तळं. प्राकृतात 'ष्क'चा 'क्ख' झाला, पुष्करिणीची पोक्खरणी झाली, आणि मराठीपर्यंत येताना शेवटची 'ई' गळून पोखरण उरली. हिंदीतलं पोखर, बंगालीतलं पुकुर, नेपाळातलं पोखरा ही सगळी याच कुळातली. आपल्याकडे परभणी जिल्ह्यातलं नृसिंहाचं पोखर्णी आहे, देवगडकडे गणपतीचं पोखरबाव आहे. 'पोखरणे' या क्रियापदाशी नातं जोडायचा मोह होतो, कारण तळं खोदावंच लागतं. पण तळ्याच्या नावासाठी पुष्करिणी पुरते, उंदराला मध्ये आणायची गरज नाही.

ठाण्याचं पोखरण येऊरच्या पायथ्याशी. एकेकाळी शहराला तिथून पाणी येई. तुमचे दोन्ही रस्ते त्याच अंगाला, उपवनच्या दिशेला जातात: एक कॅडबरीवरून वर्तकनगरमार्गे, दुसरा तुमच्या वसंत विहारवरून. म्हणजे पत्त्याचा सरळ मराठी अर्थ 'तळ्याकडे जाणारा दुसरा रस्ता'. रोज आपण कमळांच्या तळ्याच्या वाटेवर राहतो असं सांगता, हे मुलांना सांगून बघा. सिग्नलला अडकल्यावर जरा बरं वाटेल.

"नाव सुचत नव्हतं का" या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्या गावाला तळं एकच आहे, त्या गावाला तळ्याचं नाव ठेवायची गरजच पडत नाही. "तळ्यावर गेलाय" म्हटलं की पुरे. बाहेरचा माणूस येतो, "याला काय म्हणतात?" विचारतो, गावकरी म्हणतो "पोखरण", आणि पाहुणा ते विशेषनाम समजून लिहून घेतो. जगभर हेच झालंय. सहारा म्हणजे अरबीत वाळवंटं, तरी आपण सहारा वाळवंट म्हणतो. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या नावाचा अर्थ मोठं पाणी. इंग्लंडातल्या एव्हन नदीचं नाव तिथल्या जुन्या भाषेत नुसतं 'नदी'. आपल्याकडे नाशिककर आजही गोदावरीला गंगा म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो" असं. त्यांना गंगा कुठे आहे ते माहीत नाही असं थोडंच आहे. त्यांच्या लेखी नदी म्हणजे गंगा, एवढंच.

आणि ज्या शहरात तुम्ही राहायला आलात, त्याचं नाव काय आहे? ठाणे. म्हणजे जागा. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत 'श्रीस्थानक' असं आदरार्थी 'श्री' लावून येतं, पण श्री काढली की उरतं स्थानक. स्थानकचं प्राकृतात ठाणअ, आणि जसं सुवर्णकाचं सोनें झालं तसं ठाणअचं ठाणें. याहून कल्पनाशून्य नाव सापडायचं नाही, आणि किमान हजार वर्षं कुणाचं काही अडलेलं नाही. गावठाणातलं ठाण तेच. ठाण मांडून बसतो ते ठाण तेच. घोडा बांधायच्या जागेलाही ठाणच म्हणतात; घोडबंदर रोड ठाण्यालाच सुरू होतो हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

यातून जे घडतं त्याला आपल्याकडे पिवळा पीतांबर म्हणतात. पीत म्हणजेच पिवळा, वर परत पिवळा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि पुढे स्टेशनला मराठीत स्थानक म्हणायचं ठरल्यावर 'ठाणे स्थानक' झालं. उकललं तर स्थानक स्थानक. बाजारपेठेकडे गेलात तर 'ठाणेनगर पोलीस ठाणे' अशी पाटी दिसेल. मुलुंडचा 'चेक नाका' याच पंक्तीतला. नाका म्हणजे वाटेचं तोंड, जिथे जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवून तपासता येतं, जकात घेता येते. तपासणी शब्दात आधीच भरलेली होती, तरी वर चेक चिकटवला. आता जकात गेली, तरी नाका राहिला. मुंबई-ठाण्याकडे तर कुठल्याही चार वाटांच्या जागेला नाका म्हणतात, तिथे कधी कुणाला अडवलं होतं की नाही याची पर्वा न करता. पुण्याचा माणूस त्यालाच चौक म्हणेल, आणि तोही फसेल, कारण चौक हा चतुष्कावरून आलेला. तीन रस्ते मिळतात तिथे चौक म्हणणं हिशेबाला धरून नाही. कोकणात अशा जागेला तिठा म्हणतात, कोल्हापुरात तिकटी. ज्याने 'पापाची तिकटी' हे नाव ठेवलं त्याला मी नमस्कार करतो. ठाण्याने यावर स्वतःचा तोडगा काढला: तीन हात नाका. आज तिथे सगळ्या बाजूंनी येणारे रस्ते मोजायला बसलात तर हातांवरून पायांवर यावं लागेल, पण नाव तीनावर थांबलंय.

आकड्यांचं ठाण्याला आणि नव्या मुंबईला वेडच आहे. पाचपाखाडी घ्या. पाखाडी म्हणजे कोकणात दगडी पायऱ्यांची वाट, आणि साष्टी-ठाण्याच्या बाजूला वस्ती, वाडी; अशा पाच मिळून पाचपाखाडी. तीन पेट्रोल पंप. कोपरखैरण्यात तीन टाकी. ही नावं कुठल्याही समितीने दिलेली नाहीत. रिक्षात बसलेल्या माणसाला उतरायचं होतं आणि समोर जे दिसलं ते त्याने मोजलं.

'रोड नंबर दोन' ही मात्र वेगळी जात आहे, आणि तुमचा भाषेचा प्रश्न इथे लागू पडतो. आकडा देणं मराठीला परकं नाही. परकी आहे ती शब्दांची मांडणी. नामाच्या मागून 'नंबर दोन' लावायचं ही इंग्रजी कागदपत्रांची सवय. आपण क्रमवाचक विशेषण करून ते आधी लावतो: पहिली गल्ली, दुसरा मजला, तिसरा पाडा. गिरगावाकडे 'खेतवाडीची बारावी गल्ली' म्हणतात ते अस्सल मराठी वळण. आकडा आहेच, पण तो वाक्यात विरघळलेला आहे. त्या हिशेबाने तुमचा रस्ता 'पोखरणचा दुसरा रस्ता' व्हायला हवा होता. 'पोखरणचा दोन नंबरचा रस्ता' असं मात्र चुकूनही करू नका. मराठीत एक नंबर म्हणजे उत्तम, आणि दोन नंबर म्हणजे एक तर काळा पैसा नाहीतर लहान मुलांची अडचण.

वागळे इस्टेटीत तर रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे सगळे आकडेच आहेत. तिथे माझी तक्रार नाही. औद्योगिक वसाहतीत शेड, प्लॉट, रस्ता सगळ्यांना नंबरच शोभतो, आणि ट्रकवाल्याला आकडा पटकन वाचता येतो.

नव्या मुंबईबद्दल तेवढं उदार होता येत नाही. ते शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला, आणि नोडांची, म्हणजे एकेका उपनगराची, आखणी करताना प्रत्येक नोडात सेक्टर परत एकपासून मोजले. त्यामुळे सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळात आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीत आहे, खारघरमध्येही आहे. वाशीत १० आहे आणि १०ए पण आहे. मोबाइलवर नकाशे येण्यापूर्वी माझी संगमनेरची आत्या चुलतभावाच्या मुलीच्या बारशाला एकटी निघाली. चिठ्ठीवर सेक्टर दहा आणि प्लॉट नंबर बरोबर लिहिला होता, कोपरखैरणे तेवढं राहिलं होतं. ती नेरुळात त्याच नंबरच्या दारात उभी राहिली, हातात झबलं-टोपडं. घरच्यांनी तिला पाणी दिलं, चहा केला, आणि म्हणाले, "बसा आजी, महिन्याला एखादा येतोच असा." बारसं आटोपल्यावर आत्या पोचली. अजूनही ती नव्या मुंबईला 'ते दहा नंबर गाव' म्हणते.

एकच नाव दोन ठिकाणी असण्याचा घोळ आकड्यांपुरताच आहे असं नाही. मानपाडा ठाण्यात आहे आणि, तुम्ही डोंबिवलीच्या म्हणजे तुम्हाला ठाऊकच, तिकडेही आहे. आनंदनगर घोडबंदर रोडला आहे आणि मुंबईच्या वेशीवरच्या टोलनाक्यालाही. फक्त मानपाडा म्हटलं तर त्यात निदान पाडा तरी आहे. सेक्टरमध्ये काहीच नाही, जुनी आठवण नाही, झाड नाही, माणूस नाही. सेक्टरांच्या मधोमध वाशीगाव, घणसोली गाव अशी जुनी गावठाणं आहेत, आणि त्यांच्या नावामागे 'गाव' लावावं लागतं ते शहराने त्यांचं मूळ नाव स्वतःला घेतलं म्हणून. घणसोली म्हणजे आता स्टेशन, घणसोली गाव म्हणजे खरी घणसोली.

'नवी' या शब्दाचंही असंच होतं. नवी मुंबईने पन्नाशी ओलांडली. पुण्यात नवा पूल म्हणतात तो १९२३ सालचा. नवं हे विशेषण ज्या दिवशी नावात शिरतं, त्या दिवसापासून ते वयाबद्दल काही सांगायचं थांबतं.

कल्पनाशून्य नावांवर तुमचा राग असेल तर एकदा कल्पक नावंही तपासून बघा. वाशी ते बेलापूर जो रस्ता खाडीच्या कडेने जातो, त्याचं नाव पाम बीच मार्ग. किनारा आहे, पण वाळू नाही. चिखल आहे, तिवरं आहेत, थंडीत रोहित पक्षी आहेत. कल्पनाशक्ती भरपूर वापरली, फक्त समोर बघितलं नाही. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठाला लोक तलावपाळी म्हणतात. पाळ म्हणजे बांध, काठ. तोच नमुना घेऊन या रस्त्याला 'खाडीपाळी' म्हणता आलं असतं. घरांचे भाव थोडे कमी राहिले असते कदाचित, हा तोटा मी मान्य करतो. वाघबीळ, गायमुख, कपूरबावडी ही नावं बघा: वाघाचं बीळ, पाण्याची धार, विहीर. जिल्ह्यातल्या दोन नद्या बघा: एक काळू, एक उल्हास. काळू म्हणणाऱ्याने रंग बघितला असावा आणि उल्हास म्हणणारा बहुधा पावसाळ्यात आला असावा. हा माझा अंदाज, व्युत्पत्ती म्हणून कुठे छापू नका.

तुमच्या रस्त्याला दुसरं नाव द्या म्हणून अर्ज करायचा विचार असेल तर माझ्याकडून एक नाही. पाटी बदलेल, रिक्षा बदलणार नाही. गेल्या आठवड्यात मी स्टेशनवर मुद्दाम प्रयोग करून पाहिला. रिक्षावाल्या दादांना म्हटलं, "पोखरणच्या दुसऱ्या रस्त्याला सोडा." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मीटर टाकला आणि म्हणाले, "काका, पोखरण टू सांगा ना सरळ."