कट्‌कट् सुरू झाल्यावर नुसता बूट बदलू नका

तुम्ही लिहिलंय की खानापूरहून बेळगावला येताना सरळ रस्त्याला गाडी गप्प असते, पण पार्किंगमध्ये स्टिअरिंग फुल टर्न मारलं की पुढच्या डाव्या चाकातून कट्‌कट् येते. एक मिस्त्री म्हणतो बूट (जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी कव्हर) बदला, दुसरा म्हणतो अख्खा एक्सल (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा, दोन्ही टोकांच्या जॉइंटसकट) नवा टाका. २०२१ च्या पावसाळ्यात मी अगदी याच पेचात होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आवाज फक्त वळताना येतो म्हणजे बहुतेक बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा सीव्ही जॉइंट गेलाय. आतला, गिअरबॉक्सकडचा गेला असता तर चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली असती.

माझी चूक सांगतो. चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे ओघळ दिसले. बूट घडीत फाटला होता. आवाज सुरू झालेला असूनही मी जॉइंट न उघडता वरून नवं ग्रीस भरून नवा बूट बसवून घेतला. दोन महिने आवाज दबला, मग दुपटीने आला. शेवटी उघडला तेव्हा ग्रीस विटकरी झालेलं. बोटांत चोळलं तर कचकच लागत होतं. आपली तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिशपेपरसारखं काम करते. गोळ्या फिरतात त्या खाचांत नख अडकेल एवढे खड्डे पडले होते.

सगळ्यात जास्त राग सर्व्हिस सेंटरचा येतो. त्याआधी दोनदा मी तिथे गाडी दिली होती. दोन्ही जॉब कार्डांवर ‘बूट ओके’ अशी खूण आहे, पण गाडी लिफ्टवर चढलीच नव्हती, मी काचेतून बघत होतो. नंतर वॉरंटी मागितली तर म्हणाले, रबर आहे, झिजणारच. कार्ड पुढे केलं, तर त्यांनी ते बाजूला सरकवलं. काही शे रुपयांच्या रबरासाठी माझे नऊ हजार गेले.

मी मिस्त्री नाही, गाडी न बघता बोलतोय. तरी माझं स्पष्ट मत: शाफ्ट (मधला दांडा) आणि आतला जॉइंट ठीक असेल तर फक्त बाहेरचा जॉइंट नवा टाका, अख्ख्या एक्सलची गरज नाही. भंगारातला तर नकोच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर हवं ते करून देणारे कारागीर आहेत, मला त्यांचा अभिमान आहे, पण खड्डे पडलेल्या खाचा घासून घेऊ नका. वरचा कडक थर गेला की खालचं लोखंड टिकत नाही.

बसवताना स्वतः उभे राहा. शाफ्टच्या आट्यांवर हातोडा मारू देऊ नका. एक्सलचा नट नवाच घ्या आणि तुमच्या गाडीच्या मापाने टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा. किटमधलं काळं ग्रीस पूर्ण भरा, डब्यातलं साधं नको. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर जॉइंटवरच्या तिच्या रिंगचे दाते जुन्याशी मोजून बघा. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढला तर ऑइल सांडतं. सील बघून ते पुन्हा लेव्हलला भरून घ्या. हे विसरणारे मी पाहिलेत, मग गिअरबॉक्सच बसतो.

दर मे महिन्यात चाक फुल वळवून मोबाईलच्या टॉर्चने बुटाच्या घड्या दाबून बघत जा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या रिमच्या आत काळे ओघळ आहेत का, तेवढं बघून कळवा. असतील तर जॉइंट बदलेपर्यंत घाटात गाडी नेऊ नका.