लॉबिस्टला 'दलाल' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: एका परदेशी बातमीचं भाषांतर करताना 'औषध कंपन्यांचे लॉबिस्ट सिनेटरांना भेटले' या वाक्यात लॉबिस्टच्या (म्हणजे कंपनीकडून किंवा गटाकडून पैसे घेऊन त्यांच्या वतीने सरकारपुढे बाजू मांडणाऱ्या माणसाच्या) जागी 'दलाल' टाकलं तर चालेल का, नसेल चालत तर दुसरा शब्द कुठला, आणि जाता जाता असंही विचारलंय की लॉबिंग म्हणजे शेवटी लाचेचंच इस्त्री केलेलं नाव नाही का.

आधी दलालाचं बघू. शब्द अरबीतून आला, मुळात अर्थ वाट दाखवणारा, पण मराठीत दलाल म्हणजे सौदा जुळवणारा आणि जुळला की टक्का घेणारा, सौदा फिसकटला तर दलालीही नाही. आता गंमत अशी की लॉबिंगमध्ये नेमकी ही टक्केवारीच वर्ज्य मानली गेलीय. अमेरिकेत निकोलस ट्रिस्ट नावाचा मुत्सद्दी होता, १८४८ चा मेक्सिकोबरोबरचा तह त्यानेच घडवून आणला, पण बोलणी चालू असताना सरकारने त्याला परत बोलावलं होतं आणि हा काही परतला नाही, त्यामुळे त्याचा मोबदला वर्षानुवर्षं लटकला. शेवटी त्याने चाइल्ड नावाच्या वकिलाला धरलं आणि करार केला की तिथल्या संसदेकडून पैसे मंजूर करून दे, मिळेल त्यातला चौथा हिस्सा तुझा. वकील मधेच वारला, मग त्याच्या मुलाने काम पुढे नेलं, ट्रिस्टला पत्रं लिहिली की ओळखीपाळखीच्या लोकांना सांगा, त्यांनी आपापल्या सदस्याला लिहावं, एकेक मत मोलाचं आहे. १८७१ मध्ये सुमारे साडेचौदा हजार डॉलर मंजूर झाले आणि ट्रिस्टने हात वर केले, हिस्सा देत नाही जा! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८७४ मध्ये कोर्ट म्हणालं की असला करारच मुळात सार्वजनिक हिताच्या विरुद्ध, तो आम्ही पाळायला लावणार नाही. पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की अर्ज तयार करणं, पुरावे गोळा करणं, समितीपुढे उघडपणे बाजू मांडणं, याचे पैसे घ्यायला हरकत नाही. आजही तिथल्या बहुतेक राज्यांत 'काम झालं तर एवढे' अशा बोलीवर लॉबिंग करायला बंदी आहे.

म्हणजे तुमचं 'दलाल' इथेच बाद होतं. तो शब्द शिवी म्हणून वापरायचा असेल तर अग्रलेखात खुशाल वापरा, बातमीत नको.

मग मराठीत काय? माझं मत विचाराल तर क्रियेला आपल्याकडे फार सुंदर शब्द पडून आहे, रदबदली. रद्द आणि बदल, दोन्ही फारसीच्या वाटेने आलेले, आणि मराठीत अर्थ झाला दुसऱ्यासाठी मधे पडून शब्द टाकणं. यात स्वतःसाठी काही मागणं येत नाही, कुणाच्या तरी वतीने बोलणं येतं, आणि लॉबिस्ट नेमकं तेच करतो, फक्त पगार घेऊन करतो. म्हणून विधेयकातलं कलम बदलावं यासाठी कंपन्यांच्या लॉबिस्टनी 'रदबदली केली' हे वाक्य मला एकदम चपखल वाटतं. माणसासाठी मात्र 'रदबदलीकार' वगैरे घडवायला जाऊ नका, कोणी वापरणार नाही, सरळ लॉबिस्ट ठेवा. दबावगट हा पाठ्यपुस्तकातला शब्द चांगला आहे पण तो गटाला लागतो, त्या गटाने पगारावर ठेवलेल्या माणसाला नाही. वशिला वेगळाच, वशिल्यात मुद्दा लागतच नाही, ओळख पुरते.

आणि आपल्या बातम्यांत 'मंत्रिपदासाठी लॉबिंग सुरू' असं जे रोज छापून येतं ते खरं तर लॉबिंग नाहीच, तो माणूस स्वतःसाठीच धावपळ करतोय, त्याला मोर्चेबांधणी म्हणा नाहीतर सरळ फिल्डिंग लावणं म्हणा. या वापरामुळेच लॉबिंग म्हटलं की आपल्याला पडद्यामागचं काहीतरी वाटतं.

आता लाचेचं. साधी कसोटी अशी की पैसा जातो कुणाकडे. निर्णय घेणाऱ्याच्या खिशात गेला तर लाच, त्याच्यापुढे बोलणाऱ्याला फी म्हणून गेला तर लॉबिंग. हा फरक न कळल्याने केवढा गदारोळ होतो ते डिसेंबर २०१२ मध्ये दिसलं होतं. वॉलमार्टने अमेरिकन कायद्याप्रमाणे तिथल्या सिनेटकडे भरलेल्या अहवालांत २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च दाखवला होता आणि विषयांच्या यादीत भारतातली गुंतवणूकही होती. झालं, भारतीय संसदेत विरोधकांनी विचारलं की हे पैसे इथे कुणी खाल्ले, कंपनी म्हणाली सगळा खर्च अमेरिकेत झालाय आणि कायद्यानेच जाहीर करावा लागतो, शेवटी सरकारला निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी करवावी लागली. अहवालातला शब्द तिथे रोजच्या हिशेबातला होता, इथे तो कबुलीजबाब म्हणून वाचला गेला.

पण म्हणून लॉबिंग अगदी सोवळं असंही नाही हां. अमेरिकेत १९४६ पासून लॉबिस्टच्या नोंदणीचा कायदा आहे, १९९५ मध्ये तो नव्याने केला, २००७ मध्ये एका मोठ्या प्रकरणानंतर आणखी कडक केला, आणि तरी तिथे वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर खर्च होतो. अर्थात सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क तिथल्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच दिलाय, त्यामुळे सरसकट बंदी घालायचा प्रश्नच येत नाही. खासदाराला औषधाच्या पेटंटमधलं काय कळणार, माहिती कुणीतरी द्यायलाच लागते, हे मान्य. फक्त ती माहिती द्यायला ज्याच्याकडे पैसा आहे त्याचाच माणूस दाराशी उभा असतो, औषध विकत घेणाऱ्या पेशंटचा नसतो, आणि नोंदवहीत कितीही नोंदी केल्या तरी यात फरक पडत नाही.

नोंदवहीची भोकंही बघा. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्याने लॉबिस्टची नोंदणी आणली ती तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने, आणि याच गृहस्थांनी २०१० मध्ये बजावलं होतं की पुढचा मोठा घोटाळा लॉबिंगचा असणार. तो कायदा फक्त दुसऱ्यांसाठी फी घेऊन काम करणाऱ्या सल्लागारांना लागतो, कंपनीच्या स्वतःच्या नोकराला नाही. २०२१ मध्ये बाहेर आलं की कॅमेरून साहेबच ग्रीनसिल या फायनान्स कंपनीसाठी अर्थमंत्र्यांना मोबाईलवर मेसेज पाठवत होते, चौकशी झाली, निष्कर्ष काय तर ते कंपनीचे कर्मचारी असल्याने नोंदणीची गरजच नव्हती. कायदा मोडला नाही, म्हणजे सगळं ठीक? मला नाही वाटत. रदबदली उघड्यावर केली तर रदबदली, माजी पंतप्रधान जुन्या सहकाऱ्याच्या फोनवर करतो तेव्हा तो वशिलाच, त्याला इंग्रजीत काहीही म्हणोत.

त्याहून अवघड म्हणजे उद्याच्या नोकरीचं आमिष. आज ज्या धंद्याचे नियम लिहितोय तिथेच निवृत्तीनंतर खुर्ची मिळणार असेल तर आज पाकीट द्यायची गरजच काय! म्हणून लॉबिंग सुरू करायला अमेरिकेत माजी सिनेटरला दोन वर्षं थांबावं लागतं आणि कॅनडात मंत्र्यांना नि वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाच वर्षं. माझ्या मते दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, तेवढ्यात फोनमधले नंबरसुद्धा जुने होत नाहीत.

शब्दाच्या जन्माबद्दलची ती गोष्ट, की राष्ट्राध्यक्ष ग्रँट हॉटेलच्या लॉबीत सिगार ओढत बसायचे आणि तिथे गाठणाऱ्यांना त्यांनी लॉबिस्ट म्हटलं, ती सोडून द्या, ते १८६९ मध्ये अध्यक्ष झाले आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून छापलेला सापडतो. लॉबी ती सभागृहाबाहेरची, जिथे सदस्यांना गाठता येतं.

तर तुमचं वाक्य 'औषध कंपन्यांच्या लॉबिस्टनी सिनेटरांची भेट घेऊन रदबदली केली' असं करा. आणि लिहिताना लॉबिंग लिहा, 'लॉबीइंग' नको, ते बोलताना जीभ अडखळते.