वाजलं नाही तर कळणार कसं?

"मॅडम, गोळी नको, पण झोप पाहिजे," असं म्हणत त्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत बसल्या आणि बसता बसताच फोन टेबलावर ठेवला, स्क्रीन वर करून. पहिल्या दहा मिनिटांत तो सहा वेळा वाजला. सहाही वेळा त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. एकदा तर "आमचे हे म्हणतात की तू फोनशीच..." इथे थांबून त्यांनी तो उचलला, बघितला, ठेवला आणि मला विचारलं, "मी काय सांगत होते?"

फेब्रुवारीचे दिवस. नाशकात फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा ऐन हंगाम. या ताई एका निर्यातदाराकडे कागदपत्रं सांभाळतात. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) शिपिंग बिल, प्रयोगशाळेचे रेसिड्यू रिपोर्ट (फळात औषधाचे अंश किती उरले ते), फायटो म्हणजे माल रोग-किडीविना असल्याचा दाखला, बी/एल म्हणजे माल जहाजावर चढवल्याचा कागद, बिल ऑफ लेडिंग. माल न्हावा शेवाहून नेदरलँड्सला जातो. तिकडचं हिवाळ्यातलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, त्यामुळे तिथे साडेपाचला ऑफिस बंद होतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा. घरी जाण्याआधी लोक टेबल आवरतात, तसे मेल धाडतात. ते सगळे यांच्या उशाखाली येऊन वाजतात. उशाखाली हे शब्दशः खरं होतं.

माझ्याकडे हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. बँकेतले, शाळेतले, आयटीतले, सगळे एकच विचारतात: नोटिफिकेशन बंद केलं आणि नेमका महत्त्वाचा मेल राहून गेला तर? त्यावर "अहो, काही होत नाही" असं सांगणारे भेटतात. ते उत्तर मला पटत नाही. कधी कधी होतं. या ताईंच्या बाबतीत झालंच होतं.

आदल्या दिवाळीत त्यांच्या भाच्याने त्यांचा जीमेल 'स्वच्छ' करून दिला होता. विम्याच्या हप्त्याची आठवण, वेबिनारची आठवण, कुठल्याशा सेलचे शेवटचे दोन तास, या सगळ्याला कंटाळून त्याने एक फिल्टर लावला: विषयात 'रिमाइंडर' शब्द असेल तर मेल इनबॉक्समध्ये न येता थेट 'नंतर' नावाच्या लेबलात जाईल. दोन महिने फार छान गेलं. जानेवारीत शिपिंग एजंटचा मेल आला, बी/एलचा ड्राफ्ट तपासून मंजूर करा, मुदत उद्या दुपारपर्यंत. विषयाची सुरुवातच 'रिमाइंडर'ने. मेल निमूटपणे 'नंतर'मध्ये जाऊन बसला. इनबॉक्सच वगळल्यामुळे फोन वाजला नाही. ड्राफ्टमध्ये खरेदीदाराच्या पत्त्यात चूक होती, ती तशीच छापली गेली, जहाज सुटल्यावर दुरुस्तीचा भुर्दंड पडला. शेठ सगळ्यांसमोर बोलले.

त्या रात्री ताईंनी सगळे फिल्टर पुसून टाकले, सगळी नोटिफिकेशन्स चालू केली आणि आवाज पूर्ण वाढवला. तेव्हापासून सलग चार तास झोप अशी नाही. फोन वाजला की जाग, नाही वाजला तर 'वाजला का?' म्हणून जाग. वाजलेला नसतानाही वाजल्याचा भास व्हायचा. असा भास पुष्कळांना होतो, त्यात वेड लागल्यासारखं काही नाही. हे ऐकून त्यांना निम्मं बरं वाटलं.

पहिल्या भेटीत मी सल्ला दिला नाही. फोनच मागितला. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, त्यात कुठल्या अॅपने दिवसभरात किती वेळा टोकलं ते दिसतं. आदल्या दिवशी एकट्या जीमेलचे ११४. "यातले सकाळी नऊच्या आत उत्तर द्यायलाच हवं होतं असे किती?" त्या मोजायला लागल्या. दोन म्हणाल्या, मग एक खोडला. उरलेला एक आला होता संध्याकाळी सातला, म्हणजे त्या जाग्याच असताना.

मग त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे सगळं बंदच करून टाकते." माणूस या टोकावरून थेट त्या टोकाला जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. त्यात काहींना नोटिफिकेशन्स दिवसातून तीनदा गठ्ठ्याने दिली, काहींची पूर्ण बंद केली. गठ्ठ्यावाल्यांना बरं वाटलं, लक्ष लागलं. पूर्ण बंद केलेल्यांची बेचैनी मात्र वाढली. ज्याला भीती आहे त्याच्यापुढे दार बंद केलं, तर तो दाराला कान लावून बसणार.

ताईंच्या बोलण्यात एक अक्षर सारखं येत होतं. "मला कळलंच पाहिजे." "माझ्याकडून परत चूक होताच कामा नये." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी घरांत ओळखीची झाली ती कि. मो. फडके यांच्यामुळे, आणि तिचं मर्म आपल्या भाषेत एका अक्षरात मावतं: 'च', म्हणजे 'असंच व्हायला हवं' हा हट्ट. इंग्रजीत त्याला 'मस्ट' असा अख्खा शब्द लागतो. मी कागदावर त्यांचंच वाक्य लिहिलं आणि 'च'वर काट मारली. "मला कळलं पाहिजे." त्यांनी दोनदा वाचलं. "पण मग शेठ..." म्हणाल्या. बरोबर होतं. काट मारून शेठ बदलत नाहीत.

म्हणून दुसऱ्या भेटीला त्यांना लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. मी काही संगणकातली नाही, पण एवढं ठेचा खाऊन शिकले आहे: जीमेलचा फिल्टर फोनच्या अॅपमध्ये बनवता येत नाही, ब्राउझरमध्येच बसावं लागतं. शोधपट्टीत विषयासाठी 'रिमाइंडर' टाकलं आणि फिल्टर न बनवता नुसतं 'शोधा' दाबलं. जुने मेल रांगेने आले. हप्ता, वेबिनार, हप्ता, सेल, शिपिंग एजंट, हप्ता, शिपिंग एजंट, शिपिंग एजंट. ताई बघतच राहिल्या. "हे आधी बघितलं असतं तर..." आणि मग हळूच, "म्हणजे माझं दुर्लक्ष नव्हतं. जाळं चुकीचं होतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. महिनाभर त्या स्वतःला 'बेजबाबदार' म्हणत होत्या. त्यांच्या ध्यानात हे आलं की भाच्याचा नियम आणि त्यांनी नंतर घेतलेला निर्णय, दोन्ही एकाच चुकीचे होते. आधी 'कशाचा त्रास होतो' ते बघून सगळं लपवलं, मग 'कशाची भीती वाटते' ते बघून सगळं वाजवलं. मला झोपेतून उठवायचा हक्क कुणाला, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तो विचारला तेव्हा यादी चार नावांची झाली. शिपिंग एजंट, तिकडचा खरेदीदार, प्रयोगशाळा, शेठ. या चौघांसाठी शब्दांवर नाही, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर फिल्टर बनवला. लेबलाचं नाव 'घंटा' त्यांनीच ठेवलं. 'इनबॉक्स वगळा'वर खूण करायची नाही, हे मी तीनदा बजावलं. मग फोनवर: जीमेलच्या सेटिंग्जमध्ये इनबॉक्सची नोटिफिकेशन्स बंद केली आणि 'लेबल्स'मध्ये जाऊन 'घंटा'चं सिंक चालू करून फक्त त्याचं नोटिफिकेशन लावलं, वेगळ्या आवाजाचं. ही सिंकची पायरी बरेच जण विसरतात. फिल्टर बिनचूक असतो, लेबलही भरत असतं आणि फोन ढिम्म. बाकीचे मेल इनबॉक्सात येत राहतील, दिसतील, पण वाजणार नाहीत. ते अकरा, तीन आणि साडेसहाला बघायचे. आयफोनवाल्यांचे रस्ते वेगळे, पण प्रश्न तोच.

उरली रात्र. 'घंटा'सुद्धा रात्री दहाला वाजणारच की. इथे फोनची सेटिंग संपते आणि माणसाशी बोलणं सुरू होतं. ते ताईंना सगळ्यात जड गेलं. काम संपल्यावर संपर्क न ठेवण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, आणि झाला असता तरी पॅकहाउसच्या ऑफिसात तो उघडून दाखवायची हिंमत कुणाची? म्हणून आम्ही तालीम केली. मी शेठ झाले. पहिल्या खेपेला त्या "सॉरी सर, पण..." अशी सुरुवात करायच्या. चौथ्या खेपेला वाक्य बसलं: "सर, रात्री साडेनऊनंतर मेल सकाळी सातला बघीन. फारच तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन."

शेठ काय म्हणाले माहीत आहे? "मग इतके दिवस काय करत होतात?" त्यांना वाटत होतं की असंच चाललंय.

साडेनऊ ते सात 'डू नॉट डिस्टर्ब', शेठ आणि घरचे तारांकित संपर्कांत, तेवढ्यांचे कॉल येऊ द्यायचे. अँड्रॉइडमध्ये आणखी एक सोय आहे: तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू देता येतो. कागदावर सगळं चोख. तरी फोन उशाखालून हॉलमधल्या टीव्हीपाशी न्यायला पाच रात्री गेल्या. पहिल्या रात्री बेचैनी शंभरपैकी ८०, त्या दोनदा उठून बघून आल्या. मी रागावले नाही. गॅस बंद केला का हे चौथ्यांदा बघणाऱ्याला जसं प्रत्येक वेळी हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पाचवी फेरी पक्की होते, तसंच हे. फक्त सांगितलं की उठावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं, मग जायचं असेल तर जायचं. तिसऱ्या रात्री त्या थांबल्या आणि थांबता थांबता झोपल्या.

मार्चअखेरीस एकदा घाबरून फोन आला. 'घंटा' भलत्याच वेळी, जेवणाच्या ताटावर वाजायला लागली होती, सेटिंग बिघडली बहुतेक. बिघडलं काहीच नव्हतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, तिकडचे लोक आता आपल्या नऊ वाजताच टेबल आवरत होते. हे मला नाही, त्यांनाच सुचलं, फोनवर बोलता बोलता. आवाजात हसू होतं.

एप्रिलमध्ये हंगाम आटोपल्यावर त्या शेवटच्या आल्या. फोन पर्समध्ये होता. सहा तास झोप, कधी साडेसहा. सकाळी दूध गॅसवर ठेवलं की ते तापेपर्यंत सगळा इनबॉक्स वरून खाली बघतात, 'घंटा' नसलेलासुद्धा, स्पॅमसकट. ही सवय काही गेली नाही, म्हणाल्या, सोडायची का? तेवढी राहू द्या म्हटलं. या आठवड्यात दोनदा दूध उतू गेलंय, ते त्यांनी मला दारातून बाहेर पडताना सांगितलं.