अर्धी रिकामी बाटली काढून घेतात, मग पॉवर बँक जवळ का ठेवायला लावतात?

२०० मिलीलिटरच्या बाटलीत तळाशी थोडासाच शाम्पू उरला होता, तरीही विमानतळावरच्या तपासणीत ती काढून घेतली, आणि चेक-इनच्या बॅगेत ठेवलेली पॉवर बँक मात्र बाहेर काढून जवळ बाळगायला सांगितली, यात काय तर्क आहे, असे आपण विचारले आहे. हे दोन नियम एकमेकांविरुद्ध वाटतात, कारण ते दोन अगदी वेगळ्या भीतींपोटी आले आहेत.

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला. जुन्या क्ष-किरण यंत्राला बाटली दिसते, पण आत पाणी आहे की आणखी काही, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून द्रवाच्या प्रमाणावरच मर्यादा आली. प्रत्येक बाटली जास्तीत जास्त १०० मिलीलिटरची आणि साऱ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. रांगेतल्या प्रत्येकाच्या बाटलीत किती उरले आहे हे मोजत बसणे शक्य नसल्याने बाटलीवर छापलेली क्षमताच ग्राह्य धरतात. टूथपेस्ट, जेल, क्रीम आणि स्प्रे हेही द्रवांतच मोडतात. सामानाची आतून त्रिमितीय प्रतिमा दाखवणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरमुळे काही विमानतळांनी ही अट सैल केली आहे, परंतु परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर ती कायम असू शकते, म्हणून मी सामान नेहमी कडक नियम धरूनच भरतो.

पॉवर बँकेची गोष्ट उलटी आहे. लिथियम बॅटरीत आतल्या आत शॉर्ट सर्किट झाले, तर ती स्वतःच तापत जाऊन पेटते आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेललाही पेटवते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. उड्डाणात सामानकक्षापर्यंत मात्र कोणाचा हात पोहोचत नाही. सर्वसाधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) पॉवर बँक चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर छापलेल्या मिलीअँपिअर-अवरच्या (mAh) आकड्याला हजाराने भागून ३.७ ने गुणले की वॉट-अवर मिळतात. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची. तिच्यावर छापलेली क्षमतेची अक्षरे पुसली गेली असतील, तर ती अडवली जाऊ शकते.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते, कारण ती माझ्या हातून घडता घडता राहिली. विमान भरलेले असल्याने दारापाशी माझी केबिन बॅग खाली पाठवायला घेतली, तिला चिठ्ठीही बांधून झाली, आणि विमानाला जोडलेल्या पुलावरून चालताना आठवले की पॉवर बँक बाजूच्या कप्प्यातच आहे. मागे धावत जाऊन ती काढली. तेव्हापासून पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या आणि औषधे मी एका छोट्या पिशवीत एकत्र ठेवतो, म्हणजे बॅग मागितलीच तर ती पिशवी उचलली की झाले.

औषधांबाबत आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. आवश्यक द्रव औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना बहुतेक ठिकाणी १०० मिलीलिटरच्या मर्यादेतून सूट असते, मात्र ती ट्रेमध्ये वेगळी काढून ठेवावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी असावी. इन्सुलिन सामानकक्षात देऊ नये; तिथे ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. घरातील कोणाला पेसमेकर असल्यास धातुशोधक चौकटीतून जाण्यापूर्वीच त्याचे कार्ड दाखवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.