एसी चालू असताना आणि बंद केल्यावर वेगवेगळे आवाज येतात; त्यांतले काळजीचे कोणते?

आपण लिहिले आहे की, तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या आपल्या इन्व्हर्टर स्प्लिट एसीतून तीन प्रकारचे आवाज येतात: बंद केल्यावर टक्‌टक्, रात्री अधूनमधून बुडबुडे फुटल्यासारखी गुडगुड आणि गेल्या आठवड्यापासून बाहेरच्या युनिटची घरघर. खोली पूर्वीसारखीच थंड होते, तरीही मेकॅनिकने फोनवरच ‘गॅस कमी झाला असेल’ असे सांगितले आणि आता तो भरून घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे. मी काही वर्षे एसी-दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे. तपासणी झाल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका. टक्‌टक् निरुपद्रवी आहे, गुडगुड बहुधा गॅसची नसून एसीतले पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची आहे, आणि घरघरीकडे मात्र लवकर लक्ष द्यायला हवे.

खडखड, घरघर, कुरकुर, किरकिर, भुणभुण असे आवाजांचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, पण एकाची घरघर ही दुसऱ्याची गुरगुर असते. ग्राहक फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवत आणि प्रत्यक्ष गेल्यावर तिथे भलतेच काही ऐकू येई. म्हणून ‘आवाज कसा येतो?’ हे विचारणे मी हळूहळू सोडून दिले आणि ‘केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू असते?’ असे विचारू लागलो. आवाजाच्या जातीपेक्षा त्याची वेळ अधिक खरे बोलते, असा माझा अनुभव आहे.

टक्‌टकीचे उदाहरण घ्या. एसी चालू असताना इनडोअर युनिटमधून येणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण दहा अंश सेल्सिअसने थंड असते आणि युनिटचे प्लॅस्टिकचे आवरणही तिच्याबरोबर थंड होऊन आकसते. तापमान बदलले की प्लॅस्टिक हे आतल्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या कॉइलपेक्षा (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यापेक्षा) तीन-चार पटींनी अधिक आकसते किंवा प्रसरण पावते, त्यामुळे जिथे दोन भाग एकमेकांत अडकवलेले असतात तिथे ताण साठत जातो आणि मग तो भाग एकदम केसभर सरकतो. तो सरकण्याचा आवाज म्हणजे आपली टक्‌टक्. म्हणूनच ती सुरू केल्यावर आणि बंद केल्यावर पहिली काही मिनिटे येते, मधल्या वेळात फारशी येत नाही. याच घराण्यातले आणखी दोन आवाज सांगून ठेवतो. मुख्य स्विच लावताच काही सेकंद ‘कटकटकट’ असे ऐकू आले, तर यंत्र आपली प्रसरण-झडप (नळ्यांतला गॅस कमी-जास्त सोडणारी झडप) किंवा हवेची दिशा बदलणाऱ्या पट्ट्या शेवटच्या टोकाला टेकवून मोजणीची सुरुवात ठरवत असते. मात्र तीच कटकट पट्ट्या हलताना सतत येत असेल, तर कोणीतरी त्या हाताने जोर लावून वळवल्या आहेत आणि छोट्या मोटरचे दात घसरत आहेत, असे समजावे.

गुडगुडीला थोडा अधिक वेळ द्यावा लागेल, कारण तिला निदान तीन वेगळी कारणे असतात. एसी बंद झाल्यावर कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, एका बाजूचा जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूचा कमी दाब समान होऊ लागतो आणि द्रव-वायूचे मिश्रण नळ्यांतून वाहते. त्याचा खळखळाट किंवा हलकी ‘सूंऽऽ’ दोन-तीन मिनिटांत विरते. बंद केलेला एसी लगेच पुन्हा लावला तरी कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबून मगच सुरू होतो, तो याच दाबांसाठी. हे पहिले कारण पूर्णपणे स्वाभाविक आहे.

दुसरे कारण मी स्वतःच्या घरी शिकलो आणि तेही उशिरा. माझ्या एसीतून रोज रात्री ठरावीक वेळी कोणी घटाघट पाणी पीत असल्यासारखा आवाज येत असे. मी दोनदा आवरण उघडले, दाब मोजला, ड्रेनची नळी फुंकून साफ केली आणि काहीही हाती लागले नाही. अखेरीस धाकटी बहीण म्हणाली, “दादा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की तुझा एसी पाणी पितो.” तसेच होते. दारे-खिडक्या घट्ट बंद असताना एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. इतर फट नसेल, तर ती एसीच्या पाण्याच्या नळीतून उलटी वर चढते आणि खाली उतरणाऱ्या पाण्यातून बुडबुडे काढीत आत येते. आपणही आवाज येत असताना खिडकी चार बोटे उघडून पाहा. आवाज तिथल्या तिथे थांबला, तर एसीत काहीही बिघडलेले नाही. खिडकी किंचित उघडी ठेवावी, नाहीतर त्या नळीवर हवेला उलट येऊ न देणारी छोटी झडप बसवून घ्यावी.

तिसरे कारण म्हणजे गॅसची गळती, आणि तिची खूण केवळ आवाज ही नव्हे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कमी झालाच तर कुठेतरी छिद्र आहे, एवढाच त्याचा अर्थ. गळतीत बारीक ‘फुस्स’ किंवा ‘सूं’ असा आवाज काही वेळा येतो, पण सोबत गारवा हळूहळू कमी होतो आणि बाहेरच्या युनिटला जोडलेल्या बारीक नळीवर बर्फाचा पांढरा थर दिसू लागतो. घरच्या घरी पडताळा घ्यायचा असेल, तर एसी पंधरा-वीस मिनिटे पूर्ण गतीने चालू द्यावा आणि साधा तापमापक आधी वरच्या जाळीपाशी, मग हवा बाहेर पडते तिथे धरावा. आठ ते बारा अंशांचा फरक दिसत असेल, तर गॅसविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गळती सापडून बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय, आणि फोनवरून तर ना दाब मोजता येतो ना छिद्र सापडते.

आतून येणाऱ्या इतर आवाजांसाठी एक सोपी चाचणी आहे. रिमोटवर ‘फॅन’ मोड लावा, म्हणजे कॉम्प्रेसर थांबेल आणि आतला पंखा तेवढा फिरत राहील. आवाज तसाच राहिला आणि पंख्याची गती बदलताच त्याचा ठेकाही बदलला, तर दोष ब्लोअरचा. हा ब्लोअर लांब नळीसारखा असतो आणि त्याच्या अरुंद पात्यांच्या खोबणीत धूळ बसते. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर दिसतो. तो सगळीकडे सारखा नसतो, एखाद्या ठिकाणचा ढेकूळ निसटतो आणि मग समतोल ढळून संपूर्ण युनिट थरथरू लागते. पूर्ण धुण्याने हा आवाज जातो. केवळ पुढची जाळी झटकून जात नाही. ब्लोअरच्या टोकाचा बुश, म्हणजे त्याचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, कोरडा पडला असेल, तर चिमणीसारखी चिवचिव येते. त्यावर हाती लागेल ते तेल फवारण्याचा मोह टाळावा, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि धूळ अधिकच चिकटते. फिल्टर महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर हवा कमी पडून कॉइलवर बर्फ साचतो आणि त्याचे कण पडताना करकर ऐकू येते. अशा वेळी कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा व बर्फ वितळू द्यावा. टोकदार वस्तूने तो मुळीच खरवडू नये, कारण खालची नळी फुटते आणि मग खरोखरच गॅस भरण्याची वेळ येते.

आता आपली घरघर. ती सतत नसून येते-जाते, असे आपण लिहिले आहे आणि इन्व्हर्टर एसीमध्ये हीच महत्त्वाची खूण आहे. त्याचा कॉम्प्रेसर एकाच गतीने फिरत नाही. खोली थंड होत जाते तशी त्याची गती उतरते. सैल झालेला स्क्रू, पत्र्याला टेकलेली तांब्याची नळी किंवा दबलेले रबरी पॅड हे एखाद्या विशिष्ट गतीलाच सूर लावतात आणि गती पुढे सरकली की गप्प होतात. मेकॅनिक दारात आला की आवाज नाहीसा होण्यामागे हेच असते. त्यात यंत्राचा खट्याळपणा नाही. बाहेरचे युनिट गच्चीवर किंवा जमिनीवर उभे राहून सहज हाताशी येत असेल, तरच पंख्याच्या जाळीपासून दूर राहून बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहावा. दाबताच आवाज बदलला, तर स्क्रू आवळून काम भागेल. खिडकीबाहेर वाकून हा प्रयोग कोणीही करू नये. नळी पत्र्याला घासत असेल, तर मात्र उशीर नको, कारण कंपनाने घासून घासून तांबे पातळ होते आणि आज नसलेली गळती काही महिन्यांनी सुरू होते. लवकर लक्ष द्या असे म्हणालो ते यासाठीच.

काही आवाज ऐकताच एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला एसीचा सुरक्षा-स्विच, खाली पाडावा. जळका वास आणि सोबत चर्रचर्र असेल, तर जोड सैल होऊन ठिणग्या उडत असतात. आतून धातूवर धातू आपटल्यासारखी ठकठक येत असेल, तर कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतलेले असते. साध्या, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर एसीत ‘घूंऽऽ’ होऊन काही सेकंदांनी टक् होत असेल आणि काही मिनिटांनी तोच प्रकार पुन्हा होत असेल, तर कॅपॅसिटर (कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) गेलेला असण्याचा संभव मोठा. पण तो स्वतः बदलायला जाऊ नये, कारण वीज बंद केल्यानंतरही त्यात जोरदार झटका देण्याइतका भार शिल्लक असू शकतो. बऱ्याच नव्या एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून मोठ्या गळतीची शंका आल्यास खिडक्या उघडाव्यात आणि ज्योत पेटवू नये.

मेकॅनिक येण्यापूर्वी घरघरीच्या वेळी मोबाइलवर अर्धा-एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ठेवा आणि एसी लावल्यापासून किती मिनिटांनी ती आली, तेही लिहून ठेवा. तो आल्यावर तापमान सर्वांत कमी करून कॉम्प्रेसर पूर्ण गतीला जाऊ द्यावा, मग ते हळूहळू वाढवत न्यावे. बहुधा मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर आवाज त्याच्या समोरच सापडेल आणि कोणता भाग थरथरतो आहे ते तिथेच हात लावून ठरवता येईल.