छोट्या प्रोग्रामसाठी लॉगिंग लायब्ररी (प्रोग्राम काय करतोय ते फाइलमध्ये नोंदवणारं तयार साधन) लागते का? प्रिंट (नुसतं स्क्रीनवर दाखवणं) पुरत नाही का?

प्रश्न वाचला आणि 2017 च्या गळीत हंगामातली एक रात्र आठवली. "प्रिंट पुरतं की" हे माझ्या तेव्हाच्या सरांचं आवडतं वाक्य. त्यामुळे जरा लांबण लागेल.

निपाणीकडच्या एका साखर कारखान्यात आमचा वजनकाट्याचा प्रोग्राम होता, जावातला. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या डब्याकडून) सिरियल पोर्टवर, म्हणजे वायरीनं, वजन यायचं, भरल्या ट्रॉलीतून रिकामी वजा, पावती हातात. चुका शोधायला सगळीकडे प्रिंट पेरलेले. रात्री दोनला एक मामा पावती नाचवत आले. "ओ साहेब, माझं दोन क्विंटल कुठं गेलं?" मागं ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि ऑपरेटर "लगूना माड्री" (लवकर करा) म्हणत माझ्या मागं. इंडिकेटरनं नेमकं काय पाठवलं ते बघायला गेलो, तर मध्ये लाइट जाऊन मशीन पुन्हा चालू झालेलं. प्रिंट जिथं दिसायचं ती काळी खिडकी गेली, तिच्यातलं सगळं गेलं. सर फोनवर म्हणतात, "प्रिंट टाकलंयस न्हवं? बघ की त्यात." कशात बघू?

दुसऱ्या दिवशी लॉगबॅक ही लॉगिंग लायब्ररी बसवली. काट्याच्या कोडचा लॉगर डीबग लेव्हलवर (बारीकसारीक सगळं लिहायचं), बाकी सगळं वॉर्नवर (फक्त इशारे आणि चुका). रोज नवी फाइल, 30 दिवसांच्या ठेवायच्या, नाहीतर डिस्क भरते. एमडीसीत (लॉगच्या ओळींना जोडायची माहिती ठेवायची जागा) ट्रॉलीचा नंबर घातला आणि ओळीच्या पॅटर्नमध्ये त्याला जागा दिली, की प्रत्येक ओळीत तो आपोआप येतो. लेव्हल बदलायची तर एक्सएमएलच्या सेटिंग फाइलमध्ये, कोडला हात लावायचा नाही. सर म्हणाले, "ही सगळी फॅशन."

आठवड्यात तसलीच तक्रार आली. लॉगमध्ये त्या ट्रॉलीच्या ओळी: 14280, 14410, 14460, 14460. ट्रॉली हलायची थांबण्याआधीच आमचा प्रोग्राम पहिला आकडा उचलत होता. दोष काट्याचा नव्हता, आमचा होता. पहिल्या मामांचा हिशेब मात्र तसाच राहिला.

आपल्या सीमाभागासाठी एक सांगतो. शेतकऱ्यांची कन्नड नावं माझ्या पहिल्या लॉगमध्ये नुसती प्रश्नचिन्हं होऊन आली होती. एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-8 असं स्वतः लिहा. जावा 18 पासून ते डिफॉल्ट आहे, पण कारखान्यातल्या मशीनवर जावा 18 कुठला!

कोणती लायब्ररी, असंही तुम्ही विचारलंय. कोडमध्ये एसएलएफफोरजे ठेवा (हा नुसता मधला थर, लायब्ररी बदलली तरी कोड तोच), खाली प्रत्यक्ष लिहायला लॉगबॅक किंवा लॉगफोरजे 2. मी लॉगबॅक म्हणतो ते सवयीनं. जुनं लॉगफोरजे 1 मात्र नको, त्याची देखभाल 2015 लाच थांबली.

आणि हो, लॉगफोरजे 2 घेणार असाल तर ताजं व्हर्जन घ्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यातली मोठी भानगड बाहेर आली: लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात कुणी ठरावीक अक्षरं घातली, की लायब्ररी जेएनडीआयमधून (जावाची नावावरून वस्तू शोधायची सोय) बाहेरचा कोड आणून चालवायची. 2.14.1 पर्यंत हे होतं. त्या आठवड्यात सरांचा मुद्दाम फोन आला. "प्रिंटला असलं काय झालं असतं काय रे?" नसतं झालं, खरंय.

तुमचा प्रोग्राम दहा ओळींचा असेल आणि समोर बसूनच चालवणार असाल, तर प्रिंटच ठेवा. सरांना तेवढं कळू देऊ नका.